उत्तर आलं नाही तर

भाषा : २० पैकी १९.

हे गुण तिने सहा महिन्यांपूर्वी दिले होते आणि आजही त्यात तिला खोट दिसत नव्हती. एआय एजंटने काही करण्याआधी त्याचा निर्णय तपासून 'होऊ द्या' किंवा 'थांबवा' सांगणारं एक साधन; त्याची ही एकशे बारा पानांची माहितीपुस्तिका. साधन तपासणं तिच्याकडे नव्हतं. पुस्तिका वाचून माणसाला ते नीट वापरता येईल का, एवढंच बघून गुण द्यायचे, ही तिची नोकरी.

उदाहरणे : २० पैकी १८.

एकेक चालवून पाहिलेलं.

अनोळखी वाचक :

इथे ती अडली. या रकान्यासाठी पुस्तिका एखाद्या नवख्याच्या हातात द्यायची, शेजारी गप्प बसायचं आणि तो कुठे अडखळतो ते टिपायचं. तिने बाबांना बसवलं होतं. बाबांनी चौतीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत काढलेली. चाळिशी नाकावर, बोट ओळीवर. पान एकेचाळीसवर बोट थांबलं.

"हे हो म्हणतं, नाही म्हणतं, कळलं. पण उत्तरच आलं नाही तर?"

ती गप्प. नियमच तसा.

"अगं, लिफ्टची वीज गेली की ब्रेक आपोआप बसतो. इथे काय बसतं? बोल की! तोंडात गुळणी धरलीयेस का?"

तिने टिपलं : 'पान ४१. वाचक अडला. प्रश्नाचं उत्तर पुस्तिकेत नाही.' मग एका ओळीपायी कशाला खोळंबा, म्हणून २० पैकी १७ देऊन मोकळी झाली.

घटना : (हा रकाना गुणपत्रकात नाही.)

एका वृद्धाश्रमात गोळ्यांच्या डब्या भरायचं काम एजंटकडे होतं. सोमवारी आठवड्याच्या डब्या भरताना तपासणीचं हेच साधन अकरा मिनिटं बंद पडलं. उत्तर आलं नाही. एजंटने ते 'होऊ द्या' धरलं. साधन जोडणाऱ्या तंत्रज्ञाने पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. त्यात नव्हतं, म्हणून त्याच्या डोक्यातही आलं नाही. रक्त पातळ करणारी गोळी प्रत्येक दिवसाच्या कप्प्यात चौपट भरली गेली. एक बाई गेली. तिच्या डबीतले शुक्रवारपर्यंतचे कप्पे रिकामे होते.

साहेबांचा निरोप :

'मॅडम, फाइल चौकशीला जाणार आहे. पान ४१ ची तुमची नोंद त्यातून काढून टाकली आहे. चारपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही तर मंजूर समजतो.'

तिने फोन लावला.

"ती ओळ राहिली तर पहिली मान तुमचीच अडकेल," साहेब म्हणाले. "माहीत असून सतरा दिलेत ना?"

"आणि ओळ गेली तर?"

"तर कुणालाच माहीत नव्हतं. पुस्तिकावाले सुटले, तुम्हीही सुटलात. मी काही वैरी नाही तुमचा."

तिने फोन ठेवला. बाबा खिडकीशी बसून पंख्याचं रेग्युलेटर खोलत होते. वृद्धाश्रमातल्या बाईचं त्यांना तिनेच सांगितलं होतं; आताचा फोनही त्यांनी ऐकला होता.

"बाबा, पान एकेचाळीसवर काय विचारलं होतंत, आठवतं?"

बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मी? मला त्यातलं काय कळतंय! नुसती पानं उलटली."

"बाबा."

"कुणीही विचारू दे, हेच सांगेन. म्हातारा आहे, विसरतो."

ब्रेक स्वतः ओढून पाहिल्याशिवाय या माणसाने आयुष्यात एका लिफ्टच्या कागदावर सही केली नव्हती. आता ते रेग्युलेटरचा पुढचा स्क्रू काढायला लागले.

चारला सात मिनिटं कमी. तिला काही करावंच लागणार नव्हतं. नुसतं बसून राहिली असती तरी काम फत्ते होतं.

तिने कीबोर्ड ओढला.

"बस की गप्प," बाबा म्हणाले. "इतके दिवस बसलीस ना?" बोलून गेल्यावर त्यांनीच मान खाली घातली.

अनोळखी वाचक : २० पैकी १७. खोडलं. २० पैकी ०.

कारण : उत्तर न आल्यास काय होतं, हे पुस्तिकेत नाही. वाचकाने विचारलं होतं. मी ऐकलं होतं.

साहेबांना : नामंजूर. नोंद जशी होती तशी राहील.

तीन अठ्ठावन्नला दोन्ही गेलं.

"नोकरी जाईल," ती म्हणाली.

बाबांनी स्क्रू बशीत टाकला.

"ती बाई केवढी होती गं?"

"एकाहत्तर. तुमच्याहून दोन वर्षांनी लहान."