पितळी झडपेतलं भोक

"त्या झडपेला हात लावलास ना, तर तोच हात चाकाखाली ठेवीन," बाबा म्हणाले. त्यांच्या हातात पान्हा होता, म्हणून मी टेबलाच्या पलीकडेच उभा होतो.

मी म्हणालो, ठेवा. मग आत्याला रोज सकाळी माझ्या नावाने हाका मारायला नकोत.

बाबांनी ठेवणीतलं बाहेर काढलं. शाळेने याला काढलं नाही, यानेच शाळेला काढलं, आणि आता निघालाय कार्बोरेटरला शिकवायला. माझं डोकं फिरलं. हातातला स्क्रूड्रायव्हर मी भिरकावला, तो टायरवर आपटून उसळला आणि माझ्याच पायावर आला. बाबा हसले. ते जास्त लागलं.

भांडण आत्याच्या मोटरसायकलवरून होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, गुरांची डॉक्टर. गाडी तिच्याहून वयाने मोठी. तिच्यावरूनच ती गोठ्यागोठ्यांत फिरते. मागच्या थंडीत एका गायीने तिचा डावा हात लोखंडी फाटकावर चेपला. तीन बोटं वाचली, त्यांनी क्लच दाबता येतो. पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट आता एकमेकांशी बोलत नाहीत. चिमटीत काही धरता येत नाही.

आणि या गाडीच्या चोकला नेमकी चिमूटच लागते. कार्बोरेटरच्या तोंडाशी नाण्याएवढी पितळी झडप आहे, तिला डाव्या बाजूला नखाएवढी दांडी. इंजिन गार असलं की झडप बंद करायची, म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. मग किक. इंजिनने पकडलं, म्हणजे ते धडधडायला लागलं, की त्याच क्षणी झडप अर्धी उघडायची. नाहीतर ते गुदमरतं, प्लग भिजतो, गाडी ओव्हर होते आणि मग बसा घाम गाळत. पूर्वी आत्या हे न बघता करायची, डास झटकावा तसं. उजवा हात रेसवर लागतो, म्हणून आता किक तिची आणि चिमूट माझी.

घरी ठीक आहे हो. पण गोठ्यावर कोण? परवा एका अडलेल्या गायीपाशी तिला वेळ लागला, तोवर गाडी थंडगार. गोठेवाल्याने मदत केली. एकदा झडप पूर्ण उघडली, एकदा उघडलीच नाही. आत्या दुधाच्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसून घरी आली आणि गाडी रात्रभर म्हशींत.

त्यावर बाबांनी एका माणसाला फोन केला. तो जुन्या गाड्या जमवतो. मी त्याला म्युझियम म्हणतो, कारण मूळचं नसलेलं एक वॉशरही त्याला खपत नाही. त्याला गाडी द्यायची आणि आत्यासाठी बटणावर चालू होणारी स्कूटर घ्यायची, असा बाबांचा बेत. गोठ्यांच्या वाटांवर स्कूटर तोंडावर आपटेल, हे त्यांनाही कळतं. पण ते एवढंच म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी टेम्पो आला नाही तर?"

आत्या म्हणाली, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे विषय संपला. फक्त या वेळी तिने ते चहात बघत म्हटलं. चहा केव्हाच ढवळून झाला होता.

आधी मी झडपेला लांब दांडी लावून पाहिली. तीन बोटांनी ढकलता येत होती, पण अर्धी कुठे होते तो अंदाज चिमटीतच असतो. मग मला वेगळाच किडा चावला. इंजिनने पकडलं हे आपल्याला आवाजावरून कळतं. झडपेला कशावरून कळेल?

एका सकाळी कार्बोरेटरच्या तोंडासमोर दोरा धरला. आत्याने किक मारली की दोरा आळसावल्यासारखा आत डोकवायचा. पण इंजिनने पकडलं तेव्हा ताठ झाला आणि माझ्या बोटांतून सटकून आत गेला. गिळलाच. म्हणजे हवा हवीय हे इंजिन स्वतःच ओढून सांगत होतं. ऐकणारं कोणी नव्हतं, एवढंच.

गोठ्यात फवारणी करताना आत्या एक मुखवटा लावते. तो खुंटीवर होता. उगाच लावला. श्वास घेतला की आतली रबराची चकती उचलायची, सोडला की बसायची. मी अंगणात बसून नुसता श्वास घेत राहिलो. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, काही साथ आलीय का रे?

झडपेलाही असंच करायचं. मधोमध भोक, आतल्या बाजूने चकती, तिला हलकी स्प्रिंग. किकच्या झटक्याला चकती बंदच राहील. इंजिनने ओढलं की आपोआप उघडेल.

मुखवट्यातली रबराची चकती काढून बसवली, ती पेट्रोलने फुगून कानासारखी वळली, आणि मुखवट्याची चकती कुठे गेली म्हणून आत्याने घर डोक्यावर घेतलं. मग बाबांच्या फट मोजायच्या गेजची सर्वांत पातळ पोलादी पट्टी कापली. ते त्यांना कळलं, आणि तिथूनच तो पान्हा आणि ते चाक.

पण बाबांचा राग पट्टीचा नव्हता. अशी झडप आता कुठे मिळत नाही. मी पत्र्याच्या बनवून पाहिल्या, त्या एक तर अडकून बसायच्या नाहीतर खडखडायच्या. भोक मूळच्या झडपेलाच पाडावं लागणार होतं. पाडलं की म्युझियम गाडी घेणार नाही. आणि जमलं नाही तर गाडी आत्याच्याही कामाची नाही.

हे मी आत्याला सरळ सांगितलं. झडप तिच्या तळहातावर ठेवली.

"चालेल?" तिने विचारलं.

"बहुतेक."

तिने झडप उजेडात फिरवून पाहिली. "गायीचं पोट उघडताना मीही बहुतेकच म्हणते. मनात. पाड. वाकडं पाडू नकोस."

पाडलं. दुसऱ्या सकाळी इंजिनने पकडलं, खोकलं आणि मेलं. चकती उघडलीच नव्हती. वाईट म्हणजे गार इंजिनची परीक्षा दिवसातून एकदाच. ते लवकर गार व्हावं म्हणून मी त्याच्यावर ओलं पोतं टाकलं. बाबांनी ते काढून माझ्या अंगावर टाकलं. तापल्या सिलिंडरवर पाणी घालतोस, तडकला तर जोडणार कशाने, तोंडाने? मी उठून पाय आपटत निघालो, तेव्हा मागून टेबलावर काहीतरी पडलं. त्यांचं खिशातलं पेन.

"याची स्प्रिंग मऊ आहे," बाबा म्हणाले. "अर्धीच घे."

म्युझियम ठरल्या वेळी आला. टॉर्च लावून खाली वाकला आणि तसाच राहिला. कोणी केलं म्हणून विचारलं. आत्याने तीन बोटांनी माझ्याकडे दाखवलं. वाटोळं केलंत हो, असं म्हणून त्याने टॉर्च बंद केला. गेटपर्यंत गेला, परत आला, टॉर्च पुन्हा लावला आणि स्प्रिंग कशाने अडकवली ते विचारलं. मगच गेला.

आज सकाळी मी दोन्ही हात खिशात ठेवले होते. आत्याने लांब दांडी तीन बोटांनी ढकलून झडप बंद केली आणि किक मारली. झडपेत टिक झालं. इंजिन अडखळलं आणि धडधडत राहिलं. आत्याने माझ्या खिशांकडे पाहिलं.

इथे भिंतीचा आडोसा आहे, वर टेकडीवर वाऱ्यात इंजिन जास्त गार होतं, असं बाबा म्हणाले. खरंही आहे. टेकडीपलीकडून फोन आला होता, वासरू आडवं आलंय. ती एकटीच गेली. तिथे गाडी गार होणार, आणि चिमूट द्यायला मी नाही.

दुपार होत आली. बाबा तोच नट घट्ट करतायत, सैल करतायत, परत घट्ट. मी हे लिहीत बसलोय, नाहीतर हातांनी काहीतरी मोडलं असतं. आत्ताच वळणावरून दुधाचा टेम्पो आला. आम्ही दोघांनी मान वर केली. पुढच्या सीटवर कोणी नव्हतं.

आता दुसरा आवाज येतोय. बाबांनी नट सोडला. "फाटक उघड," म्हणाले, "तिला इंजिन बंद करायला लागू नये." निघतो मी.