परकं इंजिन

ताडपत्रीवर मांडून मोजले तेव्हा जुन्या इंजिनाचे बोल्ट सदतीस भरले आणि नव्याचे एक्केचाळीस. दोन्हीकडे चालतील असे त्यांत सहाच निघाले. इंजिनाला चॅसीवर धरून ठेवणारे रबरी ठोकळे, ज्यांना गॅरेजात फाउंडेशन म्हणतात, जुन्याला तीन होते, नव्याला चार. रेडिएटरच्या पाइपांची तोंडं एकाही ठिकाणी जुळत नव्हती. 'नवं' हेही म्हणण्यापुरतंच. ते एका मोडीत निघालेल्या छोट्या बसमधून काढलेलं डिझेल इंजिन होतं.

"येवढं मोजून इंजिन चालू व्हतं का, ताई?" गोटीराम मिस्त्रींनी विचारलं. कोपरखैरण्यात खाडीच्या बाजूला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं.

"चालू होत नाही. पण काय काय जुळणार नाही ते आधी कळतं."

"आमाला बसवल्यावर कलतं," ते म्हणाले आणि बिडी पेटवायला बाहेर गेले.

मी त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. नोकरी लागायची होती, म्हणून रोज आबांबरोबर गॅरेजात जात होते. आबा, म्हणजे माझे वडील कोंडिबा, एका जीपवर बेलापूर ते उरण माणसं वाहायचे. आमच्या साताऱ्याकडे त्याला वडाप म्हणतात. जीप पेट्रोलवर चालायची, माझ्या वयाहून जुनी. उन्हाळ्यात चढावर इंजिनाचा ब्लॉक तडकला. त्याला जोड बसत नाही. डिझेल स्वस्त, आणि मागच्या दोन वर्षांत उरण मार्गावरच्या बहुतेकांनी आपल्या पेट्रोल जीपना डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. आबांनीही तेच ठरवलं.

जीप उभीच राहिली तर इथली खोली सोडून गावी जावं लागेल, हे घरात कुणी बोललं नव्हतं. पण आईने गावच्या घराची कौलं परतून घ्यायचा निरोप धाडला होता.

न जुळणाऱ्या गोष्टी एकेक करून जुळवल्या गेल्या. चॅसीवर नव्या बैठका वेल्ड केल्या. डिझेल इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांच्यामध्ये जाड लोखंडी पट्टी घातली. तेवढं इंजिन पुढे सरकलं, म्हणून रेडिएटर पुढे घेतला. पुढची बाजू वजनाने दोन बोटं बसली, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक पाटा वाढवला. क्लच मात्र डिझेल इंजिनाचाच ठेवला. डिझेलचा जोर जास्त असतो, जुना क्लच तो पेलत नाही.

गोटीराम मिस्त्री जीप ठाणे-बेलापूर रस्त्यापर्यंत नेऊन आले. "मामा, घ्या तुमची नवरी. आवाज मोठा हाय, पन कामाला वाघीन."

आबा बसले. पहिल्याच वळणावर इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं तर दुसरा गिअर टाकताना असा किरकिरला की टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"पट्टी वाकडी बसली आसंल," आबा म्हणाले.

गिअरबॉक्स उतरवला. पट्टी सरळ होती. पुन्हा चढवला. मिस्त्रींनी चालवली, ठीक. आबांनी चालवली, किरकिर. क्लचची तबकडी बदलली. मिस्त्रींनी चालवली, ठीक. आबांनी चालवली, किरकिर. आबा मिस्त्रींवर चिडले, मिस्त्री पट्टी घडवणाऱ्यावर.

इंजिन तेच, रस्ता तोच. बदलत होता तो फक्त चालवणारा. मी आबांच्या शेजारी जाऊन बसले आणि रस्त्याऐवजी त्यांचे पाय बघत राहिले.

तिसरा गिअर टाकताना क्लच दाबायचा त्यांचा डावा पाय हललाच नाही. त्यांनी उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला, मान जराशी कलती केली, आवाज खाली यायची वाट पाहिली आणि क्लच न दाबता दांडा पुढे ढकलला. जीप किंचाळली.

मग मला मागच्या काही महिन्यांच्या गोष्टी आठवल्या. प्रत्येक थांब्यावर ते इंजिन बंद करायचे. उतारू चिडवायचे, "काय कोंडिबा, पेट्रोल वाचवून बंगला बांधताय का?" ते हसायचे. निघताना गाडी गिअरमध्येच ठेवून सेल्फ मारायचे. एक हिसका बसायचा आणि जीप चालू होऊन पुढे निघायची. हिसका जुन्या गाडीचा, असं सगळे समजायचे. मीही.

"आबा, डाव्या पायाला काय झालंय?"

त्यांनी जीप कडेला घेतली. बराच वेळ चावी फिरवून काढत आणि घालत राहिले.

"गेल्या दिवाळीच्या आदी. सकाळी खाटंवरनं उतरलो, तर पाय खाली हाय का न्हाई त्येच कळंना. दुपारपतोर आला माघारी. पन उसना आणल्यागत आला."

"आईला माहीत आहे?"

"तिला सांगितलं आस्तं तर घरात बसवलं आस्तं तिनं."

"आणि तुम्ही त्यात बारा-बारा माणसं बसवत होतात."

"बिरेक उजव्या पायानं लागतो."

त्यांनी बॉनेटकडे हनुवटी केली.

"जुनं मला सांगायचं गं. आवाज अमुक एक पडला की दांडा दह्यात बोट जावं तसा जायाचा. ह्येचं कायबी कळत न्हाई. नुसतं खडखडतंय."

जुनं इंजिन मिनिटाला जितक्या फेऱ्यांवर पळायचं त्याच्या जेमतेम दोन तृतीयांशावर हे दमायचं. गिअर टाकायचे सगळे सूर बदलले होते. ते कदाचित शिकता आले असते. पण डिझेल इंजिनात हवा कितीतरी जास्त दाबली जाते. सेल्फला इंजिन फिरवतानाच धाप लागायची. वर भरलेली जीप ओढायची ताकद त्याच्यात नव्हती. जागेवरून हलायला क्लच दाबणं भाग होतं, आणि डिझेलच्या क्लचचं पॅडल जुन्याहून जड होतं.

गोटीराम मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी पाना खाली ठेवला.

"मामा, माजी बायको माहेरला जाते ती तुमच्याच गाडीनी."

"व्हय," आबा म्हणाले.

"दुसरा डायवर ठेवा."

"एका गाडीवर दोन चुली पेटत न्हाईत, गोटीराम."

मिस्त्री पुटपुटत उठले. बाहेर जाऊन आले आणि मला म्हणाले, "ताई, तुमी शिकल्याव ना. पॅडल हलका करायचा काय तरी सांगा."

क्लचच्या स्प्रिंगा मऊ घातल्या तर भरल्या गाडीत तो घसरला असता. राहिली तरफ. पॅडलची भुजा लांबवली तर जोर कमी लागतो, पण तेवढंच अंतर जास्त दाबावं लागतं. भंगारवाल्याकडून स्प्रिंगचा ताणकाटा आणला, पॅडलला अडकवून क्लच सुटेपर्यंत ओढला. चोवीस किलो. भुजा दोन इंच वाढवली, वीस. आणखी दोन इंच, सतरा. आणखी दोन वाढवली तेव्हा काटा पंधरावर आला, पण पॅडल फळीला टेकलं तरी क्लच पुरता सुटेना. आता मिस्त्रींनी चालवली तरी गिअर किरकिरत होता. भुजा पुन्हा दोन इंच कापली. सतरावर क्लच सुटत होता. त्याखाली नाही.

"सतरा म्हंजी किती?" आबांनी विचारलं.

"बघू या," मी म्हणाले.

ताणकाटा सीटच्या मागच्या लोखंडाला बांधला आणि दोरीचा फास पुढे पॅडलच्या अंतरापर्यंत आणला. आबांनी चप्पल काढली, सीटवर बसून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. गोटीराम मिस्त्री दारात उभे राहिले आणि मग, काहीतरी आठवल्यासारखे, बाहेर गेले.

"आदी उजवा घे," आबा म्हणाले.

उजवा घेतला. मग फास डाव्या पायात घातला. त्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या, स्टिअरिंग करकरलं.

"किती?"

मी सांगितलं.

"परत घे."

परत घेतला. घाम पुसून त्यांनी पाठ सीटला घट्ट टेकवली.

"आजून एकदा."

उजवा पाय अडतीस किलो. डावा पाय अकरा, साडेअकरा, साडेदहा.