अकरा वर्षं माझ्यापुढे

मित्रांनो, मलकापूरच्या रेल्वे फाटकापलीकडे पत्र्याच्या एका शेडमध्ये उभा असलेला जुना लेथ म्हणजे मी. तुमच्यापैकी अनेकांनी लेथ पाहिला नसेल. लोखंडाचा दांडा मी घट्ट धरतो आणि गरगर फिरवतो. समोरचा माणूस त्याला धारदार टूल लावतो, लोखंडाचा कीस निघत राहतो आणि दांड्याला हवा तो आकार येतो. लेथ आकार देतो असं लोक म्हणतात. ते खरं नाही. मी फक्त फिरतो. आकार देतात ते हात.

माझा जन्म पंजाबातल्या एका ओतशाळेत झाला. तिथून मालगाडीने मी इथे आलो. वर्कशॉपचे मालक रमाकांतकाका तेव्हा तरुण होते. त्यांनी माझ्यापुढे नारळ फोडला, माझ्या कपाळी कुंकू लावलं. या भागात कापूस फार. सरकी काढणाऱ्या जिनिंगचा एखादा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, झिजला, त्याला आधार देणारा बुश फुटला, की सगळी जिनिंग उभी राहते आणि माणूस धावत माझ्याकडे येतो. हंगामात मला उसंत नसे. माझ्यावर बरेच कारागीर आले नि गेले. एकाने माझा गिअर फोडला, एक महिनाभरात सुरतेला पळाला. मग ज्ञानेश्वर आला.

तो जवळच्या वडनेर भोलजी गावचा. वय एकवीस, आयटीआयचा टर्नर. पहिल्याच दिवशी त्याने मला रॉकेलने धुतलं, तेल घातलं आणि हात ठेवून माझी थरथर ऐकली. "काका, याची बेअरिंग बोंबलून राह्यली," तो म्हणाला. बेअरिंग खरंच गेली होती. इतकी वर्षं मला दुखत होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर केसाइतकाही फरक राहणार नाही असे शाफ्ट माझ्यावर तयार होऊ लागले. नांदुऱ्याहून, खामगावहून गिऱ्हाईक येई आणि म्हणे, "ज्ञानेश्वर हाय का? त्याच्याच हातचं पाह्यजे." असं ऐकलं की मलाही अभिमान वाटे.

अशी दहा वर्षं गेली. त्याचं लग्न झालं. बायको निशिगंधा बारावी शिकलेली, हुशार. तिनेच एक दिवस मोबाईलवर वाचलं की समुद्रापलीकडच्या एका देशाला कुशल कामगार हवे आहेत आणि त्यांच्या यादीत टर्नरही आहे. तिथे जायला ओळख लागत नाही, गुण लागतात. वयाचे गुण, इंग्रजीचे गुण, शिक्षणाचे गुण, अनुभवाचे गुण. सगळे मिळून पासष्ट झाले की अर्ज करता येतो.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरने माझ्या पलंगावर, म्हणजे माझ्या लांब लोखंडी पाठीवर, खडूने आकडे मांडले. तेहतीस पूर्ण होईपर्यंत वयाचे तीस. आयटीआयचे दहा. आठ वर्षांच्या वर अनुभव, त्याचे पंधरा. इंग्रजी चांगलं आलं तर दहा. बरोबर पासष्ट. एकही कमी पडून चालणार नव्हता. खडूकडे बघत तो हसला. "माह्या कामाले बी कोठी गुण भेटतेत म्हना," तो मलाच म्हणाला. पैशाची गोष्ट त्याने काढली नाही. आपलं काम कोणीतरी मोजतंय, याचंच त्याला अप्रूप होतं.

मग तो इंग्रजी शिकू लागला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून तो मला इंग्रजीत शाफ्ट कसा कातायचा ते समजावून सांगे. आधी अडखळे, मग घडाघडा बोलू लागला. परीक्षेला तो नागपूरला गेला आणि नापास झाला. पुन्हा गेला, पुन्हा नापास झाला. तिसऱ्यांदा त्याला हवे तेवढे गुण मिळाले. त्या दिवशी त्याने शेडमध्ये सगळ्यांना पेढे वाटले.

राहिलं होतं अनुभवाचं पत्र. मित्रांनो, इथेच सगळं अडलं. ज्ञानेश्वरचा पगार रोख असे. त्याचं नाव हजेरीपुस्तकात नव्हतं, प्रॉव्हिडंट फंडात नव्हतं, कुठेच नव्हतं. दप्तरी नोंदीत वर्कशॉपमध्ये दोनच माणसं होती, रमाकांतकाका आणि त्यांचा मुलगा धवल.

"काका, एवढी सही करून द्या ना," तो दिवाळीपासून म्हणत होता.

"सीझन होऊ दे बे. पळून चालला का आताच?"

"एप्रिलात मले तेहतीस पुरे होतेत, काका. मंग पाच गुण कमी होतेत."

रमाकांतकाका वाईट माणूस नव्हते. निशिगंधाच्या बाळंतपणात त्यांनी स्वतःची गाडी दिली होती. पण असा कारागीर गेला तर आपलं कसं होणार, ही भीती होती आणि नोंद नसल्याचं उघड होण्याची भीती त्याहून मोठी. शेवटी जानेवारीत त्यांनी सही केली, शिक्का मारला, खाली दुकानाचा फोन नंबर घातला. ते पत्र जोडून ज्ञानेश्वरने लगेच अर्ज पाठवला. धवलला मात्र काकांनी पत्राचं काहीच सांगितलं नाही. उलट त्याच आठवड्यात बाजारात बातमी उठली की फंडाचे साहेब दुकानं तपासत फिरताहेत. काका धवलला म्हणाले, "कोनीबी इचारलं तर सांगजो, आमी दोघंच हावोत."

फेब्रुवारीतली एक दुपार. काका खामगावला गेले होते. ज्ञानेश्वर माझ्यावर एक जाड शाफ्ट कातत होता आणि माझा आवाज शेडभर घुमत होता. टेबलावरचा फोन वाजला. धवलने उचलला.

"हां जी, बोलिए. कौन? ज्ञानेश्वर?" तो बिचकला. त्याने आवाज खाली आणला. "नहीं सर, इस नाम का कोई आदमी हमारे यहाँ नहीं है. कभी नहीं था."

ज्ञानेश्वर त्याच्यापासून पाच पावलांवर उभा होता. त्याची पाठ टेबलाकडे होती आणि माझ्या घरघरीत त्याला काही ऐकू आलं नाही. मला थांबता आलं असतं तर मी त्या क्षणी थांबलो असतो. पण यंत्राला स्वतःहून थांबता येत नाही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. निशिगंधा ते मोबाईलवर घेऊन शेडमध्ये आली. त्या देशाच्या कार्यालयाने लिहिलं होतं की मालकाने तुम्हाला ओळखण्यास नकार दिला आहे. तुमचं पत्र खोटं दिसतं. अठ्ठावीस दिवसांत खुलासा करा, नाहीतर अर्ज नामंजूर होईल आणि तीन वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही.

धवलने मोबाईलवरचं ते पत्र वाचलं. "मला वाटलं इन्स्पेक्टरचा फोन आहे," तो पुटपुटला. "दादा, मला खरंच माहीत नव्हतं."

 ज्ञानेश्वर काकांकडे वळला. "काका, अजून येळ हाय. तुमी शपथेवर लिहून द्या, अकरा वर्षं हा मानूस माह्यापाशी होता. बस, एवढंच."

 "तीन दिवस दे मले," काका म्हणाले.

ते तीन दिवस ज्ञानेश्वरने रोजच्यासारखं काम केलं. एकही शाफ्ट बिघडू दिला नाही. चौथ्या दिवशी काका आले आणि खाली मान घालून म्हणाले, "वकिलाले इचारलं मी. शपथेवर लिवलं का मांगच्या अकरा वर्साचा फंड, दंड, सारं निंघन. दुकान बसन माह्यं, ज्ञानेश्वर."

"अन् माह्यं?"

काका टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"या मशीनवर पितळी पट्टी हाय," ज्ञानेश्वर म्हणाला. त्याचा हात माझ्या कडेवर होता. "तिच्यावर कारखान्याचं नाव हाय, नंबर हाय, सन हाय. लोखंडाचं बी नाव तुमी राहू देलं. माह्यं काऊन नाही, काका?"

त्याने माझ्या चकातला, म्हणजे पकडीतला, शाफ्ट पूर्ण केला, माप घेतलं, कीस झाडला, मला पुसलं आणि तेल घातलं. मग हात धुऊन निघून गेला. अठ्ठावीस दिवस उलटले. अर्ज नामंजूर झाला. एप्रिलात त्याला तेहतीस पूर्ण झाली.

जूनमध्ये निशिगंधा त्याची हत्यारं न्यायला आली. काकांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"कसा हाय तो?" काकांनी विचारलं.

"चाकणले लागले कंपनीत. अनुभवाचा कागद मांगतला त्याईनं. नव्हता. मंग नवशिका म्हनून घेतलं. एकोनीस-वीस वर्साच्या पोराइच्या हाताखाली झाडलोट करून राह्यले सध्या."

"मी... काही..." काका म्हणाले आणि थांबले.

"ते तुमाले काहीच म्हनत नाहीत," निशिगंधा म्हणाली. "घरात बी कोनाशीच काही बोलत नाहीत." हत्यारांची पिशवी उचलून ती गेली. 

आता माझ्यावर कधी कोणी येतं, कधी नाही. नवा माणूस मला तेल द्यायचं दोनदा विसरला आणि माझ्या सरकत्या भागावर गंज धरला. जिनिंगवाले आता जळगावला जातात. धवल मधूनच मला पुसतो, पण माझ्यापुढे फार वेळ थांबत नाही.

बाळांनो, मला गंजाचं दुःख नाही. लोखंड गंजणारच. पण तुम्ही मोठे व्हाल, कोणाचे मालक व्हाल, तेव्हा एवढं करा. तुमच्याकडे कोणी राबत असेल तर त्याचं नाव लिहा. पहिल्या दिवशी लिहा, पूर्ण लिहा, खरं लिहा. आणि कधी कोणी फोन करून विचारलं, हा माणूस तुमच्याकडे आहे का, तर घाबरू नका. मागे वळून त्याच्याकडे बघा आणि हो म्हणा.