सुईत दोरा ओवणारं यंत्र

मी एक जुनं, तळहाताएवढं पितळी यंत्र आहे, मित्रांनो. सुईत दोरा ओवायचा, एवढंच माझं काम. हसू नका. नजर मंदावली की ते किती जड जातं, तुमच्या आजीला विचारा.

एका घड्याळजीनं मला घडवलं, आपल्या बायकोसाठी. ती शिवणकाम करायची आणि तिला दिवसेंदिवस कमी दिसत होतं. पहिल्यांदा माझा खटका दाबला नि दोरा नेढ्यातून पार गेला, तेव्हा ती हसता हसता रडली. घड्याळजीनं सरकारदरबारी माझी रीतसर नोंदणी केली. आता देशात माझी नक्कल करायची कुणाची टाप नव्हती.

मग तो मला परदेशातल्या प्रदर्शनात घेऊन गेला. तिथून मागणी आली तर त्या पैशातून बायकोच्या डोळ्यांवर इलाज होणार होता. दुकानात गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून तो त्याच्यासमोरच घड्याळ उघडायचा. त्याच सवयीनं तिथं त्यानं माझंही झाकण उघडलं. एक कारखानदार परत परत येऊन आत डोकावायचा आणि म्हणायचा, "काय डोकं आहे हो तुमचं!" आमच्या घड्याळजीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मला मात्र त्या माणसाचं बघणं आवडलं नव्हतं.

काही महिन्यांतच त्या देशातल्या दुकानांत माझ्या नकला मिळू लागल्या. घड्याळजी पदरमोड करून तिथल्या कचेरीत गेला. कारकून भला होता.

"तुमची नोंदणी तुमच्या देशापुरती," तो म्हणाला. "आपल्या दोन देशांमध्ये करार असता, तर तुम्हाला इथंही हक्क मागता आला असता. तुमच्याकडच्या पहिल्या नोंदणीची तारीखही आम्ही धरली असती, म्हणजे नकलेच्या आधीचे तुम्हीच ठरला असता. पण तुमच्या सरकारनं सहीच केलेली नाही."

"का नाही केली?"

"केली तर आमच्या मालाच्या नकला तुम्हाला थांबवाव्या लागतील ना."

घरी आल्यावर त्यानं हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आपल्या दुकानात तरी दुसरं काय टांगलंय?" भिंतीवरची निम्मी घड्याळं परदेशी नावाची होती, आणि बनलेली मागच्याच गल्लीत.

इलाज राहिला आणि तिची नजर गेली. नकलांची अशी गाऱ्हाणी इतर कारागिरांकडूनही वाढत गेली, तेव्हा कुठं सरकारला जाग आली. मित्रांनो, दुसऱ्याचं राखू असं कबूल केल्याशिवाय परक्या मुलखात आपलं कोण राखणार? म्हणून देश अशा करारांवर सह्या करतात. तुम्हीही कुणाची कल्पना उचलण्याआधी ती कुणासाठी सुचली होती, तेवढं विचारा.

सही झाल्याची बातमी आली, त्या दिवशी तिनं चाचपडत मला हातात घेतलं. माझी स्प्रिंग गंजली होती. तिनं खटका दाबला, आणि दोरा बाहेरच पडला.

"ओवला गेला का हो?"

"गेला," घड्याळजी म्हणाला.