लाजलं की थांबायचं

आमच्या ज्युनियर कॉलेजच्या लॅबमध्ये टायट्रेशनच्या शेवटाला पुस्तकातला शब्द कुणी वापरत नाही. ब्युरेटमधलं जांभळं पोटॅशियम परमँगनेट थेंब थेंब खालच्या फ्लास्कमध्ये पडत असतं. फ्लास्क हलवला की थेंबाचा रंग विरून जातो. मग एक थेंब असा येतो की त्याचा रंग जात नाही, सगळं द्रावण अगदी फिकं गुलाबी होतं. तिथे तोटी बंद करायची आणि आकडा वाचायचा. याला आम्ही 'लाजलं' म्हणतो. शब्द आमच्या लॅबच्या शिपायाचा, इनुसमामांचा. एकतीस वर्षं ते प्रत्येक बॅचला तेच सांगत आलेत, लाजलं की थांबायचं, लाल व्हायची वाट बघायची न्हाई. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले आणि आता त्याच लॅबमध्ये केमिस्ट्री शिकवते. पुण्यात एम.एस्सी.ला असताना मी भर प्रॅक्टिकलमध्ये "सर, लाजलं" म्हणाले होते. पुढची दोन वर्षं तिथे मला त्याच नावाने ओळखत.

मामा या मे महिन्यात रिटायर होणार. म्हणजे फेब्रुवारीतली बोर्डाची प्रॅक्टिकल त्यांची शेवटची. त्यांनी ती फार मनावर घेतली होती. सगळ्या ब्युरेटच्या तोट्यांना व्हॅसलीन लावून झालं, बाटल्यांना नवी लेबलं लागली, वरवंडहून सायकलवर ते माझ्याआधी तासभर येऊन बसायला लागले.

मी तापट आहे. मुलं माझ्या पाठीमागे मला 'कॉन्सन्ट्रेटेड' म्हणतात हे मला माहीत आहे, आणि माझं काही म्हणणं नाही. पण मामांवर मी आयुष्यात आवाज चढवला नव्हता.

परीक्षेआधी मामा द्रावणं तयार करतात, स्वतः एकदा टायट्रेशन करतात आणि रीडिंग चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे देतात. त्या आकड्याशी ताडून मी मुलांना मार्क देते. चिठ्ठी अर्थातच गुप्त असते. म्हणजे सकाळी दहापर्यंत सायकल स्टँडवरच्या शेवटच्या मुलालाही ती पाठ असते. सराव परीक्षेला मामांचं रीडिंग होतं दहा पॉइंट एक. चौतीस मुलांनी दहा पॉइंट एक लिहिलं. हृतिक नावाच्या महाभागाने तर ब्युरेट भरायच्या आधीच लिहिलं.

पस्तिसावी प्राची. केंदूरची मुलगी, इथे आजोळी राहून शिकते. तिने नऊ पॉइंट सहा लिहिलं, तेही तीन वेळा. मी तिला सगळ्यांदेखत झापलं. रंग गडद असलेल्या द्रावणाची वरची कड वाचायची हे किती वेळा सांगायचं, तोटी नीट बंद करता येत नाही का, वगैरे. तिने मान खाली घातली, पण वही मागे घेतली नाही.

"मॅडम, तिन्ही वेळा तिथंच लाजलं," एवढंच म्हणाली.

मी तिचे तीन मार्क कापले.

वर्ग रिकामा झाला तरी माझा राग जाईना. पोरीला उद्या पुराव्यानिशी खोटं पाडू, म्हणून मी उरलेल्या द्रावणावर स्वतः टायट्रेशन केलं. नऊ पॉइंट सहा. परत केलं. नऊ पॉइंट सहा. मग मी खुर्चीत बसले, कारण चूक कुणाची हे मला कळलं होतं आणि ते कळायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आत मी मामांना माझ्यासमोर टायट्रेशन करायला लावलं. हात तसाच होता. डाव्या हाताने तोटी अशी धरलेली की थेंब मोजून घ्यावा. नऊ पॉइंट सहाला द्रावण लाजलं. मी गप्प राहिले. मामा सोडतच राहिले. पुढचे आठदहा थेंब गेल्यावर त्यांनी फ्लास्क खिडकीकडे धरला आणि समाधानाने मान हलवली. फ्लास्कमध्ये बिटाच्या कोशिंबिरीचं पाणी असावं तसा रंग होता.

गोड बोलणं मला जमत नाही. तुम्हाला दिसत नाही मामा, असं मी सरळ म्हटलं.

त्यांनी तोटी बंद केली, फडक्याला हात पुसले. दिवाळीपासून असंच आहे म्हणाले. आकडे चष्म्याने दिसतात, फिका रंग दिसत नाही, डॉक्टरने मोतीबिंदू सांगितलाय. ऑपरेशन परीक्षेनंतर करायचं ठरवलं होतं, तोवर अंदाजाने निभावत होते. बोलले का नाहीत ते मला विचारावं लागलं नाही. लायब्ररीच्या पोपटमामांची पाठ धरली तेव्हा प्राचार्यांनी त्यांना रिटायर होईपर्यंत गेटवर बसवलं होतं.

"राजश्री," मामा म्हणाले. मी शिक्षिका झाल्यापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. "सगळ्या परीक्षा हितं काढल्या. शेवटची गेटवर नको गं."

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण माझी जीभ. मी त्यांना प्राचीच्या तीन मार्कांचं सांगून टाकलं.

मामांचा चेहरा पडला. त्यांनी तो लाल फ्लास्क बाजूला ठेवला. मग म्हणाले, "माझ्या डोळ्यापायी पोरीचं मार्क गेलं व्हय? मग मी गेटवरच बरा. तुमी सायबास्नी सांगा."

आणि ते खरोखर ॲप्रन काढायला लागले. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. ॲप्रन काढलात तर बघा, म्हटलं. हात तुमचा आणि डोळा माझा, तुम्ही तोटी धरा, मी लाजलं म्हणते. आणि परीक्षा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दौंडला ऑपरेशन, मी स्वतः घेऊन जाणार. मामांनी ॲप्रनची गाठ परत बांधली.

प्राचीचे मार्क मी वर्गात सगळ्यांसमोर परत दिले आणि चूक माझी होती असं म्हटलं. मामा मधल्या सुट्टीत तिच्याकडे गेले आणि काहीतरी बोलले. काय ते तिने सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून ती त्यांच्याबरोबर टेस्ट ट्यूब धुवायला थांबायला लागली.

बोर्डाच्या परीक्षेला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले शिरूरकडचे सतीश सर. चाळिशीचे, कमी बोलणारे. मुलं बाहेर रांगेत उभी होती आणि मूळ रीडिंग आता सरांच्या देखत घ्यायचं होतं. मला धाकधूक एकच, त्यांच्या लक्षात आलं तर शिपायाला दिसत नाही हे प्राचार्यांच्या कानावर जाणार.

मामांनी तोटी धरली. मी फ्लास्कमागे पांढरा कागद धरून उभी राहिले. आठ मिलिलिटर झाले, नऊ झाले. थेंब सावकाश पडायला लागले आणि माझं लक्ष मामांच्या बोटांवर गेलं. आम्लाने डागाळलेली, नखं पिवळी पडलेली. बारावीत मी रागाने तोटी सगळी सोडून द्यायचे, तेव्हा याच हाताने माझा हात धरून थेंब सोडायला शिकवला होता. माझे डोळे भरून आले आणि फ्लास्क दिसेनासा झाला.

"थांबा मामा," मी म्हटलं. "मला दिसत नाहीये."

"आता दोघास्नी बी दिसंना व्हय?" मामा हळूच म्हणाले.

पण लॅब लहान आहे. सतीश सरांनी पेन खाली ठेवलं, उठून आले. त्यांनी मामांच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्या. आता संपलं, असं मला वाटलं. सर वाकले आणि त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला.

"सोडा सावकाश," ते म्हणाले. "मी बघतो."

एक थेंब. मामांनी फ्लास्क हलवला. आणखी एक. मग आणखी एक.

"लाजलं," सर म्हणाले.

मामांचा हात थांबला. सरांना हा शब्द कुठून मिळाला, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, शिरूरला आम्हाला एक सर होते, ते असंच म्हणायचे. तेव्हापासून मीही मुलांना तेच सांगतो. मूळ कुणाचा ते काही माहीत नाही.

मामांनी सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. परीक्षेच्या दिवशी ते कधी बसत नाहीत. त्या दिवशी स्टूल ओढून बसले आणि डोळ्यांना फडकं लावलं, तेच हात पुसायचं.

"मॅडम, आकडा वाचा," ते म्हणाले. "वरची कड."

नऊ पॉइंट सहा. या वर्षी चिठ्ठी लिहिलीच नाही.