मणेरणीचं दुकान

बसून धंदा करायचा, एवढंच मला लहानपणापासनं पायजे व्हतं. दुसरं काय मागितलं न्हाई. आमी मणेर, बांगड्या भरणारी माणसं. अम्मा डोक्यावर पाटी घेऊन गावं करायची. कुसगाव, वरसोली, कारलं, भाजं, मग गायमुखाची खिंड चढून लोहगडवाडी. मी नऊ वर्सांची तिच्या मागं. पाय सुजायचे. अम्मा म्हणायची, "चल गं, मणेरणीला बसून कोण देतंय?" तवाच मनाशी म्हणलं, एक दिस मी बसणार, आन् बाया माज्याकडं चालत येणार.

घाटात विजेची गाडी सुरू झाली त्या साली लोणावळ्याच्या बाजारात गाळा भाड्यानं घेतला. काचेचं कपाट, गादी, तक्क्या. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणत्यात, तरी मी आरसाबी लावला. हौसच तेवढी व्हती.

आमच्यात ज्याची गावं त्याची. दुसऱ्या मणेरणीनं तितं पाटी उतरायची न्हाई. अम्मामागं माज्याकडं आलेली सगळी गावं मी धाकट्या जावेला, मदिनाला, चार माणसांपुढं देऊन टाकली. घरचे म्हणले, "दोन तरी ठेव." पण माजं डोकं तवा आभाळात. दुकान झालं, आता गावं कशाला?

मग बाजाराच्या दिवशी माज्या गावच्या बाया दुकानापुढनं जायच्या. "बरं हाय का मावशी," म्हणायच्या आन् पुढं. चार महिने मी हे बगितलं. शेवटी कुसगावच्या सोपानच्या आईचा हात धरून तिला थांबवलं. "का गं, माज्या दुकानाला काटे लागल्यात का?"

ती खाली बगत म्हणली, "मावशी, अंगणात बसून हात देणं येगळं. हितं भर बाजारात गडी माणसं येत्यात, जात्यात. कसं बसायचं?"

एवढी वर्सं ह्यांचे हात धरले, आन् हे माज्या ध्यानात येऊ नये. पडदा लावला. तर म्हणाय लागल्या, पडद्याआड बसलं की लोकं नावं ठेवत्यात. घ्या.

राहिल्या हवा खायला येणाऱ्या बंगलेवाल्या बाया. ही दाखवा, ती दाखवा, मुंबईला ह्याच स्वस्त मिळतात. मी म्हणलं, मग मुंबईलाच घ्या. असं बोलल्यावर गिऱ्हाईक टिकतंय व्हय?

तिकडं मदिनाचं येगळंच. तिचा हात कडक. लोहगडवाडीला हौशीरामच्या पोरीचं लगीन, आन् चुडा भरताना मदिनाच्या हातनं तीन बांगड्या वाढल्या. फुटल्या म्हणायचं न्हाई आमच्यात, तेबी नवरीच्या. हौशीरामचा निरोप आला, रोशनबीलाच पाठवा. मी दुकानाला कुलूप लावून गेले. पोरीचा हात मऊ मऊ दाबला, अंगठा आत वळवला, एकबी न वाढवता दोनी हात भरले. नवरी पाया पडली. आयाबाया म्हणल्या, "मावशी, दुसरीचा हात आमाला नको." बरं वाटलं मला. आन् रडूबी आलं, खोटं कशाला बोलू?

मदिना ओट्यावर तोंड पाडून बसलेली. "भाबी, मला ही गावं झेपत न्हाईत," म्हणली. बोलायला लय गोड पोरगी. नवरीची आत्या भांडायला आली व्हती, तिलाबी हिनं हसवून परत धाडलं. मी तिच्या शेजारी बसले आन् इचार केला. दुकान असंच चाललं तर पाडव्याच्या आत बंद पडणार. तिच्या हातनं गावंबी जाणार. हिची जीभ गोड, माजे हात मऊ. अल्लानं वाटप नीटच केलं असंल, पण जागा उलट्या पडल्या.

"तू दुकानात बस," मी म्हणलं. "गावं मी करते."

"भाबी, दुकान तुमचं हाय. तुमी किती वर्सं…"

"माजंच राहील. पण उघडं राहिलं पायजे ना."

हे म्हणायला मला किती जड गेलं ते माजं मला ठाऊक.

आता दुकान चालतंय. बंगल्यावरच्या बाया मदिनाला ताई म्हणत्यात, मैतरणी घेऊन येत्यात. मी गावं करते, आठ दिसातनं एकदा माल न्यायला दुकानात येते. पंचेचाळिशी उलटली, गुडघे बोलत्यात.

आज सकाळी गेले तर पुण्याच्या कुणी इंदिराबाई गादीपुढं बसल्या व्हत्या. मी पायरीवर पाटी टेकवली. त्यांनी माज्या धुळीच्या पायांकडं बगितलं. "बाई गं, जरा बाजूला हो," म्हणाल्या. "मालकीणबाई कामात आहेत."

मदिनाचा चेहरा उतरला. ती सांगायला उठाय लागली. मी डोळ्यानंच तिला खाली बसवलं. कपाटातनं चार डझन बांगड्या निघाल्या व्हत्या, त्या परत आत गेल्या असत्या तर कुणाचं नुकसान?

"व्हय बाई," म्हणलं, आन् बाजूला सरकून त्यांचं घेणं संपंस्तोवर उभी राहिले.