घंटेचा भाव

दादा विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्यांचं नुकसान ठरवायचा, आणि रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जादूच्या वस्तूंचे भाव. फासे टाकत गोष्ट रचायचा तो खेळ. गोष्ट दादा पुढे नेई, बाकीचे तिच्यातले वीर. उडत्या चादरीपासून अदृश्य करणाऱ्या मोज्यांपर्यंत सगळं विकणारा चिक्कू दुकानदारही दादाच. "स्वस्त जादूनं खेळ नासतो," हे त्याचं ब्रह्मवाक्य. त्याचा मित्र दातांचा डॉक्टर, म्हणून सगळे त्याला पक्कड म्हणत. त्यानं एकदा एका जळक्या काठीसाठी तासभर घासाघीस केली आणि शेवटी आपल्याच वीराचे बूट विकून बसला.

दादाच्या धाकट्या बहिणीला मात्र एकच वस्तू हवी होती. एक घंटा. ती वाजवली की हरवलेला सोबती एका संध्याकाळपुरता परत येतो.

हरवलेला सोबती म्हणजे बाबांचा म्हातारा जादूगार. बाबाही या टेबलावर खेळायचे, आणि ऐन लढाईच्या तोंडावर गुडघा चोळत, जादूगाराच्या आवाजात "थांबा रे, आधी गुडघा!" म्हणत सगळ्यांना खोळंबून ठेवायचे. ते आजारी पडले तेव्हा दादानं जादूगाराला एका गुहेत विश्रांतीला बसवलं. बाबा गेले. जादूगार गुहेतच राहिला.

घंटा वाजली असती तर जादूगाराच्या तोंडून, बाबांच्या आवाजात बोलावं लागलं असतं दादालाच. तेच त्याला नको होतं. म्हणून त्यानं भाव सांगितला, पाच हजार मोहरा. बहिणीनं ढाल विकली, तलवार विकली, पाच हजार जमवले.

"बाजार चढलाय, ताई," दुकानदार म्हणाला. "आता आठ."

आठ जमले तेव्हा बारा झाले. "हा दुकानदार आहे की दरोडेखोर?" पक्कड करवादला. बहीण पुन्हा साठवायला लागली. अशी वर्षं गेली.

मग तिची दूरच्या शहरात बदली झाली. शेवटच्या रविवारी तिची बांधलेली खोकी टेबलाभोवतीच होती. दादानं घसा खाकरला.

"आज घंटा दोन मोहरांना."

"आज होय?" ती हातातला फासा उलटसुलट करत राहिली. "राहू दे रे, दादा. मला आता बाबांचा आवाजच आठवत नाही. तो जायच्या आत ऐकायचा होता, म्हणून तर घाई करत होते."

बैल गेला आणि झोपा केला, अशी गत. तरी हट्टानं दादानं चमचा पेल्यावर टण्कन वाजवला.

"थांबा रे, आधी गुडघा."

शब्द बाबांचे होते, आवाज दादाचाच निघाला. त्यानं जरा घोगरा काढून पाहिला, मग जरा नाकातून. पाच हजारांच्या वेळी तो आवाज त्याच्यापाशी होता, अगदी जसाच्या तसा. तेव्हा त्यानं तो दिला नाही.

"असंच म्हणायचे ना गं?" त्यानं विचारलं.

"असेल," ती म्हणाली, आणि दोन मोहरा त्याच्यापुढे सरकवल्या.